चौकट : ‘विकल्प’ – भोईवाड्याशेजारचा बंडखोर माहितीपट महोत्सव

कधी, कुठे : ४ ते ९ फेब्रुवारी २००४, भूपेश गुप्ता भवन, सयानी रोड, प्रभादेवी. परळच्या भोईवाड्याहून रेल्वेमार्ग ओलांडला की पुढचाच परिसर.

कशामुळे : २००४च्या मुंबई आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवासाठी (मिफ) फक्त भारतीय माहितीपटांना सेन्सॉर प्रमाणपत्राची अट घातली गेली. देशभरातल्या माहितीपटकारांनी एकजुटीने विरोध केल्यावर अट मागे घेतली गेली. पण नंतर अनेक परखड माहितीपट निवडीतच गळाले. त्याला उत्तर म्हणून ‘विकल्प’ भरला.

कोणी : माहितीपटकारांनी आणि स्वयंसेवकांनी, ‘मिफ’च्याच काळात.

गाजलेला माहितीपट : गुजरातमधील २००२च्या हिंसाचारावरचा राकेश शर्मा यांचा ‘फायनल सोल्यूशन’. ‘मिफ’ने नाकारलेला हा माहितीपट ‘विकल्प’मध्ये झळकला. त्याच वर्षी सेन्सॉर मंडळाने त्यावर बंदी घातली. शर्मांनी मग त्याच्या प्रती फुकट वाटल्या. अट एकच, घेणाऱ्याने आणखी पाच प्रती काढून वाटायच्या. ऑक्टोबर २००४मध्ये बंदी उठली.

पुढे : याच चळवळीतून जुहूच्या पृथ्वी थिएटरच्या सहकार्याने ‘विकल्प’चे माहितीपटांचे विनामूल्य खेळ सुरू झाले.

महत्त्व : सरकारी मंच नाकारला गेला, तरी एक सभागृह आणि कामाला तयार असलेली माणसे असली की सिनेमा लोकांपर्यंत पोहोचतो, हे ‘विकल्प’ने सिद्ध केले.