महंमद तुघलक : वेडेपणाची सवलत

बीडजवळ करजणीला दिल्लीच्या एका सुलतानाच्या दाताची कबर दाखवतात. गेवराईपासून चकलांब्यापर्यंत कुठल्याही पारावर ही गोष्ट काढा, ऐकणारा आधी हसणार आणि मग म्हणणार, ‘वेडाच होता तो!’ महंमद तुघलकाचा निकाल इतक्या झटपट लागतो. सरकारने आज काढलेला आदेश उद्या फिरवला, की वर्तमानपत्राचा मथळाही तयारच असतो : तुघलकी कारभार.

आधी दाताचंच पाहू. सुलतान बीडला काही सहलीला आला नव्हता. दक्षिणेत माबरच्या सुभेदाराने बंड केलं होतं, ते मोडायला निघालेल्या फौजेत तेलंगणात साथ पसरली, माणसं पटापट मेली, सुलतान स्वतः आजारी पडला आणि दौलताबादकडे माघारी वळला. वाटेत बीडला त्याचा दात गेला, तो थाटाने पुरून वर घुमट उभारला, असं फिरिश्ता सांगतो. पण फिरिश्ता विजापूरच्या आदिलशाहीत बसून, घटनेनंतर अडीचशेहून अधिक वर्षांनी लिहीत होता. म्हणून गोष्ट खोटीच ठरते असं नाही, पण एवढ्यावर कुणाला वेड्यात काढणं जरा जास्तच झालं.

आपल्यापर्यंत पोचलेला तुघलक मुख्यतः तिघांच्या लेखणीतून आलेला आहे. झियाउद्दीन बरनी सतरा वर्षांहून अधिक काळ त्याच्या दरबारात होता. सुलतान गेल्यावर पदरचं सगळं गमावून, हलाखीत त्याने इतिहास लिहिला. इब्न बतूता मोरोक्कोचा प्रवासी. सुलतानाने त्याला दिल्लीचा काझी केलं, आणि पुढे एका शेखशी संबंध ठेवल्यावरून जिवाची धास्तीही दाखवली. तिसरा इसामी. दिल्लीहून दौलताबादला निघालेल्या तांड्यात त्याचे नव्वद वर्षांचे आजोबा होते. ते पहिल्या मुक्कामावरच, तिलपतला वारले. पुढे १३५० मध्ये इसामीने आपला ग्रंथ पुरा केला तो दौलताबादेत, तुघलकाविरुद्धच्या बंडातून गादीवर आलेल्या बहमनी सुलतानाच्या आश्रयाने. घरचं दुःख आणि धन्याची मर्जी, दोन्ही एकाच दौतीत. इसामी खोटारडा होता असं नव्हे, पण त्याच्या एकट्याच्या साक्षीवर फाशी देऊ नये.

आता सगळ्यात गाजलेला आरोप. सुलतानाने लहर आली म्हणून राजधानी दौलताबादला हलवली आणि त्यासाठी अख्खी दिल्ली उठवली, कुत्रं-मांजरसुद्धा मागे ठेवलं नाही. एका आंधळ्याला फरफटत नेलं, दौलताबादला पोचला तो फक्त त्याचा पाय, ही कथा इब्न बतूताची. पण तो हिंदुस्थानात उतरला १३३३ साली आणि स्थलांतर सुरू झालं १३२७ च्या सुमारास. म्हणजे ही त्याने दिल्लीत ऐकलेली गोष्ट. उलट दिल्लीच्या परिसरात १३२७ आणि १३२८ सालचे संस्कृत शिलालेख सापडले आहेत. नगरीचं वर्णन करणारे, विहीर वगैरे कामांची नोंद ठेवणारे. ओसाड गावात कुणी संस्कृतात प्रशस्ती कोरत बसत नाही. दिल्लीच्या टांकसाळीतून नाणीही पडत राहिली. हलवलं गेलं ते प्रामुख्याने सरदार, उलेमा, सूफी आणि त्यांची कुटुंबं. त्यांच्या वस्त्या रिकाम्या झाल्या आणि बरनीसारख्या माणसाची दिल्ली म्हणजे तेवढीच होती.

कारणही लहरीचं नव्हतं. देवगिरीवर, म्हणजे पुढच्या दौलताबादवर, अल्लाउद्दीन खलजीची पहिली धाड १२९६ ची, १३१८ नंतर यादवांचं राज्य कायमचं संपलं, आणि वरंगळ तर महंमदानेच राजपुत्र असताना १३२३ मध्ये जिंकलं होतं. हा सगळा मुलूख दिल्लीत बसून राखता येईना. कोंढाण्याचंच पाहा. नाग नायक नावाच्या कोळी सरदाराने सुलतानाच्या फौजेला तिथे आठ महिने झुंजवलं, मगच गड पडला. दख्खनमध्ये आपल्या माणसांची पक्की वस्ती हवी, हा हिशेब डोक्याने केलेला होता.

फसला तो सक्तीमुळे. काही वर्षांतच परत जायची मुभा द्यावी लागली. तरी सगळे परतले नाहीत. बुऱ्हाणुद्दीन गरीब आणि कवी अमीर हसन सिजझी यांच्या कबरी खुलताबादला आहेत. वेरूळची लेणी पाहायला जाणारे आपण त्या गावातून पुढे निघून जातो, पण दख्खनी बोली आणि इथला सूफी पंथ यांची मुळं बऱ्याच अंशी याच ‘वेडेपणा’त आहेत.

नाण्यांबद्दल थोडक्यात. तुघलकाने चामड्याची नाणी पाडली असं बरेच जण छातीठोक सांगतात. ती गोष्ट दुसऱ्याची आहे, हुमायूनला बुडता वाचवणाऱ्या निजाम भिश्तीची. तुघलकाने १३२९-३० च्या सुमारास काढली ती तांब्या-पितळेची नाणी, किंमत चांदीच्या टंक्याची. चीनमध्ये कागदी चलन चालत होतं, इराणात १२९४ मध्ये तसाच प्रयोग होऊन फसलाही होता. घरोघरी बनावट नाणी पडू लागल्यावर सुलतानाने ती खजिन्यातून चांदी मोजून परत घेतली. आपल्या चुकीची भरपाई खजिन्यातून करणारे राज्यकर्ते फार नसतात, एवढं त्याच्या पदरात टाकायला हरकत नसावी.

गंगा-यमुनेच्या दुआबातल्या करवाढीचं मात्र समर्थन होत नाही. सारा वाढवला आणि वर पाऊस गेला. शेतकरी रानात पळाले, तर सुलतानाच्या माणसांनी तिथेही त्यांचा पाठलाग केला. नंतर त्यानेच शेतीचं वेगळं खातं उघडलं, विहिरींसाठी आणि बियाण्यासाठी तगाई वाटली. त्यातली बरीचशी मध्येच जिरली. हे दुष्काळी बीड जिल्ह्यात कुणाला समजावून सांगायची गरज नाही.

हिंदूंचा वैरी की धर्मापलीकडचा राजा, या वादात दोन्ही बाजूंना पुरावा सापडतो, म्हणूनच तो मिटत नाही. वरंगळचं स्वयंभू शिवाचं मंदिर त्याच्याच स्वारीत उद्ध्वस्त झालं. तीनच वर्षांनी, १३२६ मध्ये, कल्याणीच्या, म्हणजे आजच्या बसवकल्याणच्या शिवमंदिराची दुरुस्ती होऊन पूजा पुन्हा सुरू झाली, ती त्याच्याच अधिकाऱ्यांच्या परवानगीने. जैन आचार्य जिनप्रभसूरींना त्याने दरबारात मानाने बसवलं. इसामीची तर तक्रार अशी, की हा होळी खेळतो आणि जोग्यांत बसतो. शत्रूचं दैवत फोडायचं आणि प्रजेचं राखायचं, हा त्या काळच्या राज्यकर्त्यांचा व्यवहार होता. त्यात भक्तीही शोधू नये आणि सहिष्णुताही.

आणि क्रौर्य? तो गैरसमज नाही. त्याचा आतेभाऊ बहाउद्दीन गुर्शास्प याने सागरला बंड केलं, तेव्हा त्याला आसरा देणारा कंपिलीचा राजा लढून मेला. गुर्शास्पची जिवंत कातडी सोलली गेली. उलेमा, शेख, काझी कुणीच सुटले नाहीत. इब्न बतूताच्या मते हा सुलतान दान देण्यात आणि रक्त सांडण्यात सारखाच उत्साही होता. यातलं काहीही वेडाच्या भरात झालेलं नाही. त्याला तर्कशास्त्र येत होतं, अक्षर सुंदर होतं, वैद्यकात गती होती. माझ्या मते ‘वेडा’ या शब्दाने त्याचा अपमान होत नाही, त्याला सूट मिळते.

पुरावा बरनीकडेच आहे. बंडं पेटली होती तेव्हाचं दोघांचं बोलणं त्याने नोंदवलंय. राजाने देहदंड कोणत्या गुन्ह्यांना द्यावा, असं सुलतानाने विचारलं. बरनीने प्राचीन इराणी राजांचा दाखला देऊन सात गुन्हे मोजले. सुलतानाचं उत्तर शांत होतं. आता माणसं बदलली आहेत, मी नुसत्या संशयावरही शिक्षा करतो, आणि लोक बंड सोडेपर्यंत किंवा मी मरेपर्यंत करत राहीन. याच शिक्षांनी बंडं वाढत होती हे बरनीला दिसत होतं, पण ते बोलायचं धाडस त्याला झालं नाही. पैशाच्या लोभाने आणि जिवाच्या भीतीने आपण दरबारी गप्प राहिलो, उलट शिक्षांना धर्माचे आधार काढून देत राहिलो, असं त्याने म्हातारपणी लिहून ठेवलं आहे.