सातबाऱ्यावर खोली नसते

बँकेच्या नोकरीत मी किती सातबारे वाचले असतील, याची गणती नाही. गट नंबर, हेक्टर-आर, आकारणी, इतर हक्कात कुणाचा बोजा, बारा नंबरात पीक कोणतं आणि पाण्याचं साधन कोणतं. विहीर असेल तर ‘विहीर’ एवढा एकच शब्द. ती किती खोल, तिच्या तळाशी कातळ आहे की वाळू, पाणी मेमध्ये कुठवर उतरतं, याबद्दल हा कागद अवाक्षर काढत नाही. आमच्या महसुली कारभाराच्या लेखी जमिनीला लांबी-रुंदी असते, खोली नसते.

हे इतकं स्पष्टपणे माझ्या ध्यानात आलं ते एका खेळामुळे. उन्हाळी सुट्टीला पुण्याहून आलेला माझा नातू संगणकावर ‘ड्वार्फ फोर्ट्रेस’ नावाचा खेळ खेळत बसायचा. ‘आजोबा, बघा ना,’ म्हणून त्यानं एक-दोनदा बोलावलं आणि पुढे मीच खुर्ची ओढून बसू लागलो. टार्न आणि झॅक अ‍ॅडम्स या दोन अमेरिकन भावांनी तो 2006 मध्ये लोकांसमोर आणला. वर्षानुवर्षं तो फुकटच मिळायचा आणि पडद्यावर चित्रांऐवजी नुसती अक्षरं आणि चिन्हं दिसायची. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयानं 2012 मध्ये त्याला आपल्या संग्रहात घेतलं. चित्रांसह नटवलेली विकत मिळणारी आवृत्ती आली ती थेट डिसेंबर 2022 मध्ये.

खेळ साधा आहे. मूठभर बुटके आणि काही सामान घेऊन डोंगरापाशी उतरायचं आणि जमिनीच्या पोटात किल्ला खणायचा. नकाशा थराथरानं उलगडतो. जो थर तुम्ही खणलेला नाही तो काळाकुट्ट. पहिल्या आवृत्तीत डोंगरात आत आत गेलं की आधी भूमिगत नदी लागायची, मग एक अजस्र घळ आणि त्याही पलीकडे लाव्हा. त्या घळीवर खेळाडू पूल बांधायचे, किल्ल्यातला सगळा कचरा तिच्यात लोटून द्यायचे आणि कधीतरी तिच्यातूनच काहीबाही वर चढून यायचं आणि किल्ला उद्ध्वस्त व्हायचा. 2010 मध्ये त्या भावांनी ही घळ काढून टाकली आणि तिच्या जागी एकाखाली एक अशा विस्तीर्ण गुहांचे तीन थर आणले. त्यांच्याही तळाशी लाव्ह्याचा समुद्र. नातवानं शिकलेला पहिला नियम असा, की खाली काय आहे ते कळेपर्यंत कुदळ जपून चालवायची.

आता आपल्या खानदेशाकडे याच नजरेनं बघा. धुळ्याकडे सगळा काळा कातळ. लळिंगच्या किल्ल्यावर गेलात तर तो तुम्हाला दिसेल; कातळात खोदलेली पाण्याची टाकी आजही आहेत. फारुकींच्या काळात या किल्ल्याला महत्त्व होतं, आणि माथ्यावर पडलेला पावसाचा थेंब धरून ठेवणं हाच तिथल्या बांधणाऱ्यांचा खरा पराक्रम. कातळाखाली पाणी मिळतं ते भेगांत, मुरमाच्या थरात. शिवाय धुळे-नंदुरबारच्या पट्ट्यात लाव्ह्याच्या उभ्या भिंती जमिनीत मैलोन्‌मैल गेलेल्या आहेत. भूवैज्ञानिक त्यांना डाइक म्हणतात. अशा भिंतीच्या एका अंगाची विहीर भरलेली आणि दुसऱ्या अंगाची कोरडी, असा प्रकार होऊ शकतो. साक्रीकडे असताना मी असे शेजारी पाहिले आहेत. पाणाड्यानं हातावर नारळ धरून दिलेल्या ग्वाहीपेक्षा जमिनीतली ही भिंत मला अधिक विश्वासाची वाटते. पण नारळाचं वजन गावात जास्त, हेही खरं.

तापी ओलांडून यावल-रावेरकडे गेलं की हा कातळच नाहीसा होतो. नाहीसा म्हणजे खचलेला. सातपुड्याच्या पायथ्याला भूकवचाच्या मोठ्या भेगा आहेत, आणि त्यांच्या दक्षिणेकडचा भूभाग फार पूर्वी खाली गेला. त्या खळग्यात तापीनं आणि सातपुड्यातून उतरणाऱ्या ओढ्या-नद्यांनी हजारो वर्षं गोटे, वाळू, माती आणून ओतली. काही ठिकाणी हा भराव तीनशे मीटरहून जाड आहे. जवळजवळ हजार फूट! कुतुबमिनार एकावर एक असे चार ठेवले तरी वर येणार नाहीत. बसस्टँडवर उतरून केळीच्या बागांकडे सपाट रस्त्यानं जाणाऱ्याला याची पुसटशीही जाणीव होत नाही. नातवाच्या खेळातली घळ उघडी होती. आमची काठोकाठ भरलेली आहे आणि तिच्यावर आम्ही फैजपूर, सावदा, रावेर वसवले आहेत.

या भरावाचा सातपुड्यालगतचा पट्टा गोट्यांचा आणि जाड वाळूचा. त्याला बझाडा म्हणतात. मोर, सुकी, भोकर या नद्या डोंगरातून उतरतात आणि या पट्ट्यात पाणी जिरवत जातात. ‘सुकी’ हे नाव ठेवणाऱ्या माणसाला भूजलशास्त्र कुणी शिकवलं नव्हतं. वरून नदी सुकते ती खालची घळ भरण्यासाठी.

या भरलेल्या घळीतलं पाणी आम्ही किती वेगानं उपसलं, ते मी कर्जप्रकरणांच्या फायलींतून पाहिलं. नोकरीच्या सुरुवातीला अर्ज यायचे ते विहिरीचे, मोटरपंपाचे. मग विहिरीत बोअर मारण्याचे. मग ट्यूबवेलचे, मग जुनी ट्यूबवेल सोडून नव्या, अधिक खोल ट्यूबवेलचे. केसिंग पाइप, जाळी, सबमर्सिबल यांची कोटेशनं फुगत गेली आणि खोलीचा आकडा शेकड्यांनी वाढत गेला. फैजपूरकडचे एक नाना मला म्हणाले होते, ‘साहेब, पाणी आहे हो खाली. फक्त आमचा पाइप पुरत नाही.’ केळी हे बारमाही पाण्याचं पीक. तिनं या भागाला पक्की घरं दिली, मुलामुलींना इंजिनिअर-डॉक्टर केलं. जळगावच्या केळीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. त्यामुळे ‘केळी सोडा’ असा शहरी सल्ला देणाऱ्यांचा मला राग येतो. ठिबक आलं तेव्हा याच शेतकऱ्यांनी ते उत्साहानं स्वीकारलं. पण ठिबकमुळे वाचलेल्या पाण्यावर पुष्कळांनी आणखी एकरभर केळी लावली, हेही माझ्या डोळ्यांपुढचं आहे.

यावल आणि रावेर हे तालुके अतिशोषित म्हणून सरकारी यादीत गेले. राज्याचा 2009 चा भूजल कायदा 2014 मध्ये अमलात आला. त्यानं 60 मीटरपेक्षा जास्त खोल विहिरीला ‘खोल विहीर’ ठरवून तिच्यावर निर्बंध घातले. साठ मीटर म्हणजे दोनशे फूट. तेव्हा यावल-रावेरमध्ये दोनशे फुटांना खोल म्हणणारा माणूस शोधावाच लागला असता.

नातवाच्या खेळात एक गोष्ट मला खटकली. त्या भावांनी गाळाची माती वेगळी, बेसाल्ट वेगळा, ओल्या दगडाची सूचना वेगळी, इतका बारकावा राखला आहे. पण भूजलाचा थर मात्र अक्षय! कितीही उपसा, आटत नाही. नातू खूश होता, कारण त्याची विहीर कायमची सुटली होती. मी म्हटलं, ‘अरे, हे खोटं आहे.’ तो म्हणाला, ‘आजोबा, खेळ आहे तो.’ नानांच्या बोलण्यातही हाच अक्षय थर होता, फक्त तिथे खेळ नव्हता.

याच भूमीत याउलट विचार करून बांधलेली एक गोष्ट आहे, आणि ती पाहायला रावेरहून फार लांब जावं लागत नाही. एकेकाळी खानदेशाची राजधानी असलेलं बऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात आहे, पण बाजारात मराठी कानावर पडतं. जहांगीरच्या काळात, 1615 च्या सुमारास, अब्दुल रहीम खानखानाच्या कारकिर्दीत तिथे कुंडी भंडारा उभा राहिला. तबकुतुल अर्ज नावाच्या इराणी जाणकारानं सातपुड्याकडून तापीकडे जमिनीखालून झिरपणारं पाणी ओळखलं आणि ते भुयारानं शहरापर्यंत आणलं. ठरावीक अंतरावर विहिरीसारख्या कुंड्या. त्यांची संख्या शंभरावर. ना मोट, ना रहाट. नुसत्या उतारावर पाणी चालतं. लिफ्टच्या पाळण्यातून सुमारे ऐंशी फूट खाली उतरलं की घोट्या-गुडघ्याएवढं निवळशंख पाणी आणि भिंतींवर चुन्याचे पांढरे थर. 2024 मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत त्याचं नाव गेलं.

कौतुक सगळे त्याच्या वयाचं करतात. मला महत्त्वाची वाटते ती त्याची पातळी. भुयार ज्या पातळीवर खोदलं त्याखालचं पाणी ते ओढूच शकत नाही. जेवढं झिरपेल तेवढंच शहराला मिळणार. पाऊस कमी तर धार बारीक. ट्यूबवेलला असा तळ नसतो. पाइपचा आणखी एक तुकडा जोडला की ती खाली जाते, आणि तो तुकडा घ्यायला कर्जही मिळतं.

आता ही घळ पुन्हा भरण्याची मोठी योजना पुढे आली आहे. अनेक वर्षं नुसतीच चर्चेत असलेल्या तापी महापुनर्भरण प्रकल्पावर 10 मे 2025 रोजी भोपाळमध्ये दोन्ही राज्यांच्या मुख्यमंत्र्यांनी करार केला. पावसाळ्यात तापीचं वाहून जाणारं पाणी खारिया-गुटीघाटाजवळ अडवायचं, कालव्यांनी सातपुड्याच्या पायथ्यानं न्यायचं आणि बझाड्यात जिरवायचं, अशी त्याची कल्पना. जागेची निवड अचूक आहे. इतकं पाणी पिणारी दुसरी जमीन महाराष्ट्रात क्वचितच असेल. माझी शंका गाळाची आहे. पुराचं पाणी गढूळ असतं, आणि वाळूची छिद्रं एकदा चिखलानं बुजली की पाणी वरच्या वर साचून राहतं. गाळ बसवण्याचे तलाव दरवर्षी कोण उपसणार, कोणत्या खात्याच्या पैशानं, हे मला उद्‌घाटनाच्या कोनशिलेपेक्षा आधी ठरलेलं बघायचं आहे. आणि घळ भरू लागली तर वर आलेलं पाणी कुणाच्या पाइपात किती जाईल, हेही.

राज्याची भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरींतल्या पाण्याची पातळी वर्षातून चार वेळा मोजते: ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे. ऑक्टोबरचा आकडा पावसाचा असतो आणि तो पाहून सगळेच खूश होतात. यावल-रावेरच्या शेतकऱ्यानं ग्रामपंचायतीत जाऊन मागावा तो मेचा आकडा, आणि पुढची केळी लावण्याआधी मागावा.