गणिताच्या नोट्स उर्दूतही नीट छापता येतात

ब्रह्मपुरीसारख्या गावात दहावीच्या गणिताची मराठी-इंग्रजी गाइडं सहज मिळतात. उर्दू माध्यमाच्या मुलाला पाठ्यपुस्तकापलीकडे बहुतेक वेळा उस्तादांच्या हातची वहीच मिळते, तीही झेरॉक्सची झेरॉक्स. वरचा दोन वर्गाचा की शेजारचा गुणाकाराचा, हे तिसऱ्या कॉपीत कळत नाही. गणितात तेवढ्यानं उत्तर बदलतं. म्हणून आम्ही शिक्षक मंडळी स्वतः टाइप करायला बसतो, आणि अडतो.

अडचण दिशेची आहे. उर्दू उजवीकडून डावीकडे चालते, आपल्या उर्दू शाळांतलं समीकरण मात्र डावीकडून उजवीकडे. इनपेजमध्ये नस्तालिक देखणं येतं, पण अपूर्णांक किंवा वर्गमूळ आलं की चित्र करून चिकटवायचं. पुढच्या वर्षी एक आकडा बदलला की चित्र पुन्हा. वर्डमध्ये उर्दू ओळीच्या मधोमध समीकरण घातलं तर कंस कुठे उडी मारेल याचा नेम नाही. अल्-ख्वारिज्मींना हा त्रास नव्हता. नवव्या शतकात बगदादमध्ये त्यांनी बीजगणित लिहिलं ते सगळं शब्दांत: एक वर्ग आणि दहा मुळं मिळून ३९ दिरहम, तर मूळ किती? उत्तर ३. चिन्हं फार नंतर आली, आणि त्यांच्याबरोबर छपाईची डोकेदुखीही.

यावर लाटेक हा चांगला इलाज आहे. अमेरिकेतले गणिती-संगणकतज्ज्ञ डोनाल्ड कनूथ यांना स्वतःच्या ग्रंथाच्या नव्या आवृत्तीची प्रुफं आवडली नाहीत, म्हणून १९७७ साली त्यांनी ‘टेक’ ही अक्षरजुळणीची प्रणाली बनवायला घेतली. लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९८०च्या दशकात त्यावर सोपा थर चढवला, तो लाटेक. दोन्ही मोफत. यात पान दिसेल तसं रंगवत बसायचं नाही. काय हवंय ते साध्या अक्षरांत लिहायचं, मांडणी संगणक करतो. डॉलरच्या दोन चिन्हांमध्ये गणित. घातांकासाठी टोपीचं चिन्ह. अपूर्णांकाला उलटी तिरकी रेघ, पुढे ‘फ्रॅक’ची इंग्रजी अक्षरं आणि दोन महिरपी कंस: पहिल्यात अंश, दुसऱ्यात छेद. एक कंस बंद करायचा राहिला की प्रणाली अडून बसते. सुरुवातीचे दिवस याच शोधाशोधीत जातात, त्याला पर्याय नाही.

उर्दूसाठी साधं लाटेक पुरत नाही, झीलाटेक लागतं. ते युनिकोड वाचतं आणि संगणकातले फॉन्ट थेट घेतं. सोबत ‘पॉलिग्लॉसिया’ हे पॅकेज आणि ‘नोटो नस्तालिक उर्दू’ हा मोफत फॉन्ट. मग मजकूर उजवीकडून, गणित डावीकडून, आपापल्या जागी. दोन गोष्टी मात्र आधीच सांगून ठेवतो. नस्तालिक तिरकं उतरतं, तेव्हा ओळींमधलं अंतर वाढवा, नाहीतर नुक्ते खालच्या ओळीवर बसतात. आणि टाइप करताना लांबलचक आज्ञा उर्दू ओळीत घुसवू नका, वेगळ्या ओळीवर ठेवा. पडद्यावर दोन्ही दिशा मिसळल्या की स्वतःचंच लिहिलेलं वाचता येत नाही.

खरा फायदा दुसरीकडे आहे. समीकरणं एका फाइलीत ठेवली तर तीच उर्दू नोट्सला आणि तीच मराठी नोट्सला जोडता येतात. भाषा बदलली तरी वर्गसमीकरण तेच. चूक एकदा दुरुस्त केली की दोन्हीकडे दुरुस्त. उर्दू शाळेतून अकरावीला दुसऱ्या माध्यमात जाणाऱ्या मुलांपुढे दोन्ही पानं शेजारी ठेवली, की ‘कसर’ म्हणजे अपूर्णांक हे वेगळं शिकवावं लागत नाही. आमच्या मते एवढ्यासाठीसुद्धा ही मेहनत वसूल आहे.

शिकायचं कुठे? आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात लाटेकचे छोटे व्हिडिओ आहेत. एक तुकडा ऐकायचा, थांबवायचा, स्वतः टाइप करायचं. ‘ओव्हरलीफ’ ब्राउझरमध्येच चालतं. त्याच्या मेनूत कंपायलर ‘झीलाटेक’ निवडायला विसरू नका. नेट रुसणाऱ्या गावांनी मात्र ‘टेक लाइव्ह’ एकदाच संगणकात उतरवून घ्यावं. फाइल बरीच मोठी आहे, त्यामुळे नेट चांगलं असेल तिथूनच उतरवा.

पहिल्याच दिवशी अख्खा धडा घेऊ नका. वर्गसमीकरणाची दहा उदाहरणं, एक पान, काळी-पांढरी प्रिंट, एवढं पुरे.