ऑलिंपिक भरवणारी शहरं आणि आपला स्टॉल: कोणी कमावलं, कोण बुडालं?



मागच्या व्हिडिओखाली एका ताईंचा प्रश्न आला होता. "सर, २०३०च्या राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला होणार आहेत. माझा चटण्या-मसाल्यांचा घरगुती व्यवसाय आहे. तिथे स्टॉल लावायचा तर आतापासून कर्ज काढून तयारी करू का?"

प्रश्न छान आहे. पण थेट हो किंवा नाही म्हणण्याआधी, ज्या शहरांनी अशा स्पर्धा भरवल्या त्यांचं काय झालं ते बघू. ऑलिंपिक भरवणं आणि चार दिवसांचा स्टॉल लावणं यात आकड्यांच्या शून्यांचा फरक आहे, हिशोब एकच आहे. हे मी पुस्तकातून नाही, स्वतःचे पैसे घालवून शिकलोय.

आधी माझा किस्सा

दुकान सुरू करून दोन वर्षं झाली होती. शेजारच्या शहरात एक मोठं ग्राहक प्रदर्शन भरणार होतं. आयोजक म्हणाले, चार दिवसांत लाखभर लोक येतील. मी हुरळलो. स्टॉलचं भाडं ३५,००० रुपये. नवीन रॅक, काउंटर, लायटिंग आणि फ्लेक्स मिळून ४२,०००. दोन पोरांचा पगार, टेम्पो, जेवणखाण १३,०००. एकूण ९०,०००.

चार दिवसांत विक्री झाली १,६०,००० रुपयांची. गल्ला बघून मी घरी पेढे नेले! रात्री वही उघडली. भांड्यांवर माझा मार्जिन २५ टक्के, म्हणजे हातात आले ४०,०००. खर्च ९०,०००. पेढ्यांचे सोडून ५०,००० रुपयांचा खड्डा. ते काउंटर पुढे तीन वर्षं गोडाऊनमध्ये धूळ खात पडलं, कारण माझ्या दुकानाच्या दारातून ते आतच जात नव्हतं.

'फिक्स्ड कॉस्ट' बीबीएला शिकलो होतो. समजली त्या रात्री. आता हीच गोष्ट शहरांच्या मापाने बघा.

मॉन्ट्रियल १९७६: "तोटा होणारच नाही"

कॅनडातल्या मॉन्ट्रियलचे महापौर होते जाँ द्रापो. ते तेव्हा म्हणाले होते की पुरुषाला जसं मूल होऊ शकत नाही, तसा ऑलिंपिकला तोटा होऊ शकत नाही. वाक्य जगभर गाजलं, पण वेगळ्या कारणाने.

स्टेडियमचं डिझाइन भव्य होतं. एक उंच तिरका मनोरा आणि त्याला लटकणारं, उघड-बंद होणारं छप्पर. काम रखडलं, संप झाले, खर्च वाढत गेला. उद्घाटनाच्या दिवशी मनोरा अर्धवटच होता, तो पुरा झाला १९८७मध्ये. छप्पर बसवलं, तर ते वारंवार फाटायला लागलं. शहराच्या डोक्यावर साधारण दीड अब्ज कॅनडियन डॉलरचं कर्ज झालं. ते फेडायला सिगारेट-तंबाखूवर कर लावावा लागला आणि शेवटचा हप्ता गेला २००६मध्ये. सोळा दिवसांच्या सोहळ्याचे पैसे तीस वर्षं फेडले! स्टेडियमचं लाडाचं नाव 'बिग ओ'. इंग्रजीत 'ओ' म्हणजे देणं लागणं असाही अर्थ होतो, म्हणून लोक त्याला 'मोठी उधारी' म्हणू लागले.

चूक कुठे झाली? तारीख ठरलेली होती. ठरलेल्या तारखेला काम पूर्ण करायचंच, हे ठेकेदाराला कळलं की भाव करायची ताकद आपल्याकडे राहत नाही. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात सुताराला बोलावून बघा, तो किती सांगतो!

लॉस एंजलिस १९८४: आहे त्यातच भागवलं

मॉन्ट्रियलचे हाल बघून १९८४च्या स्पर्धेसाठी कोणी पुढेच येईना. तेहरानने माघार घेतली आणि लॉस एंजलिस एकटंच उरलं. एकटं गिऱ्हाईक असलं की भाव कोण ठरवतं? गिऱ्हाईक. तिथल्या मतदारांनीही ठरवलं होतं की शहराच्या तिजोरीतला पैसा यात जायचा नाही. त्यामुळे तोट्याची हमी शहर देणार नाही, ही अट ऑलिंपिक समितीला मान्य करावी लागली.

आयोजनाचे प्रमुख होते पीटर यूबेरॉथ. हा माणूस मूळचा ट्रॅव्हल व्यवसायातला, शून्यातून कंपनी उभी केलेला. त्यांनी काय केलं ते नीट वाचा.

१. मुख्य स्टेडियम नवीन बांधलं नाही. १९२३ साली सुरू झालेलं, १९३२चं ऑलिंपिक झालेलं कॉलिझियमच वापरलं.

२. खेळाडूंना विद्यापीठांच्या वसतिगृहांत ठेवलं. उन्हाळी सुट्टीत खोल्या मोकळ्याच होत्या.

३. जे थोडं नवीन लागलं त्याचा खर्च प्रायोजकांकडून घेतला. पोहण्याचा तलाव मॅकडोनाल्ड्सने दिला, सायकल शर्यतीचा ट्रॅक सेव्हन-इलेव्हनच्या मालकांनी.

४. शेकडो छोटे प्रायोजक गोळा करण्यापेक्षा मोजके तीसेक मोठे घेतले आणि प्रत्येक प्रकारात एकच ठेवला. कॅमेऱ्याच्या फिल्मसाठी कोडॅक घासाघीस करत बसली आणि जागा जपानच्या फुजीने पटकावली. अमेरिकेच्या बाजारात फुजीचं नाव तिथून मोठं झालं.

५. टीव्हीचे हक्क एबीसी कंपनीला २२.५ कोटी डॉलरला विकले. बोली लावणाऱ्या चॅनेलांकडून आधी अनामत घेतली आणि तिच्या व्याजावर सुरुवातीचा कारभार चालवला.

शेवटी शिल्लक उरली सुमारे २३.२५ कोटी डॉलर. सोव्हिएत रशिया आणि त्याच्या मित्रदेशांनी बहिष्कार टाकूनसुद्धा! त्यातल्या वाट्यातून तरुणांच्या खेळासाठी एक प्रतिष्ठान उभं राहिलं, ते आजही चालू आहे.

बार्सिलोना १९९२ आणि अथेन्स २००४: सोहळा संपल्यावर काय?

इथे काही जण म्हणतील, "म्हणजे खर्च करायचाच नाही का?" तसं नाही. बार्सिलोनाने भरपूर खर्च केला. पण बहुतेक पैसा खेळाच्या मैदानांवर नाही, शहरावर केला. समुद्रकाठी जुने कारखाने आणि रेल्वेचे रूळ होते, त्यामुळे शहर समुद्रापासून तुटलं होतं. ते हटवून किनारे तयार केले, शहराभोवती वळणरस्ता बांधला, विमानतळ वाढवला. खेळाडूंची घरं नंतर लोकांची घरं झाली. मुख्य स्टेडियम मात्र १९२९चंच, डागडुजी करून वापरलं. पुढे बार्सिलोना युरोपातल्या मोठ्या पर्यटन शहरांमध्ये गेलं.

याचीही दुसरी बाजू आहे. आज तिथले रहिवासी वाढती घरभाडी आणि पर्यटकांच्या गर्दीविरुद्ध मोर्चे काढतात. २०२८पर्यंत पर्यटकांना भाड्याने द्यायच्या फ्लॅटचे परवाने बंद करणार, असं महापालिकेने जाहीर केलंय. धंदा वाढला की भाडंही वाढतं, हे दुकानदाराने लक्षात ठेवावं.

अथेन्समध्ये खर्च झाला सुमारे ९ अब्ज युरो. मेट्रो आणि नवीन विमानतळ मिळाला, तो लोक आजही वापरतात. पण काम उशिरा सुरू झालं, घाईत झालं. जुन्या विमानतळाच्या जागेवर सॉफ्टबॉल, हॉकी आणि वेगवान पाण्यातल्या होडीच्या शर्यतीसाठी खास मैदानं बांधली. ग्रीसमध्ये सॉफ्टबॉल खेळतं कोण? स्पर्धा संपली, कुंपणाला कुलूप लागलं आणि आत गवत उगवलं. पुढे ग्रीस कर्जात बुडाला. त्याला कारणं अनेक होती, एकटं ऑलिंपिक नव्हे. पण ती ओसाड मैदानं माझ्या गोडाऊनमधल्या काउंटरसारखीच होती. त्यांचं मोठं रूप, इतकंच.

याउलट १९९६ला अटलांटाने स्टेडियम बांधतानाच पुढचा भाडेकरू ठरवून ठेवला. स्पर्धा संपल्यावर त्याच स्टेडियमचा काही भाग उतरवून बेसबॉलचं मैदान केलं आणि स्थानिक संघ तिथे वीस वर्षं खेळला.

आपल्याकडचं उदाहरण द्यायचं तर पुण्याचं बालेवाडी. १९९४च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी ते संकुल उभं राहिलं. त्याच ठिकाणी २००८च्या राष्ट्रकुल युवा स्पर्धा झाल्या, नंतर फुटबॉल लीगचे सामने आणि आंतरराष्ट्रीय टेनिसही झालं. एकदा केलेला खर्च पुन्हा पुन्हा कामाला आला.

आता आपल्यासारख्या छोट्यांचं काय झालं?

इथपर्यंत शहरांचं झालं. ताईंचा प्रश्न मात्र स्टॉलचा आहे.

*अटलांटा १९९६.* शहराने फुटपाथवर हातगाड्या आणि स्टॉलच्या जागा भाड्याने दिल्या. स्पर्धेत लाखो लोक येणार म्हणून छोट्या विक्रेत्यांनी भरमसाट भाडं दिलं. स्टॉल झाले उदंड. अनेकांना मिळालेल्या जागांवरून गर्दी जातच नव्हती. कित्येक जण तोट्यात गेले, प्रकरणं कोर्टात गेली.

*लंडन २०१२.* "स्पर्धेच्या काळात प्रचंड गर्दी असेल, प्रवास जपून करा" असा प्रचार आधीपासून झाला. परिणाम उलटा! नेहमीचे पर्यटक आणि ऑफिसचे लोक मध्य लंडनमध्ये फिरकलेच नाहीत. दुकानदार आणि टॅक्सीवाले हातावर हात ठेवून बसले. त्या ऑगस्टमध्ये ब्रिटनला आलेले परदेशी पाहुणे आदल्या वर्षीच्या ऑगस्टपेक्षा सुमारे ५ टक्क्यांनी कमी होते. जे आले त्यांनी खर्च मात्र जास्त केला. कुठे केला? ऑलिंपिक पार्ककडे जाणारी वाट स्ट्रॅटफर्डच्या नव्या, भल्यामोठ्या मॉलजवळूनच जात होती. गर्दी एकच, पण कोणाच्या दारावरून गेली यावर सगळं ठरलं.

*पॅरिस २०२४.* उद्घाटन सेन नदीवर होतं. त्याआधी आठवडाभर नदीकाठच्या भागात क्यूआर कोडचा पास असल्याशिवाय शिरता येत नव्हतं. ऐन जुलैमध्ये तिथली हॉटेलं ओस पडली आणि मालक नुकसानभरपाई मागू लागले.

आणि २०१०ची दिल्ली आठवते ना? राष्ट्रकुल स्पर्धांच्या आधी शहर 'चकाचक' करताना रस्त्यावरच्या अनेक फेरीवाल्यांना हटवलं गेलं.

अजून एक सावधगिरी. स्पर्धेचं नाव आणि बोधचिन्ह आयोजकांचं असतं, धंद्यासाठी वापरायचा हक्क पैसे देणाऱ्या प्रायोजकांना मिळतो. इंग्लंडमध्ये एका खाटकाने दुकानावर पाच कड्यांच्या आकारात सॉसेजचं चित्र लावलं, तर त्यालाही ते उतरवायला सांगितलं. म्हणून पाकिटावर स्पर्धेचं चिन्ह छापायच्या आधी विचारून घ्या.

थोडक्यात, गर्दी म्हणजे गिऱ्हाईक नव्हे.

पैसे भरण्याआधी चार प्रश्न

वही घ्या आणि लिहा.

१. यातलं माझ्याकडे आधीपासून काय आहे? (लॉस एंजलिसचा प्रश्न)

२. कार्यक्रम संपल्यावर ही वस्तू कुठे वापरणार? (अथेन्सचा प्रश्न)

३. खर्च वाढला तर कोण भरणार? माझी मर्यादा किती? (मॉन्ट्रियलचा प्रश्न)

४. लोक माझ्या दारावरून जाणार की मागच्या गल्लीतून? (लंडनचा प्रश्न)

मग एक भागाकार करा: एकूण खर्च भागिले मार्जिन. माझे ९०,००० भागिले ०.२५ म्हणजे ३,६०,०००. चार दिवसांत इतकी विक्री झाली असती तर कुठे मी बरोबरीत आलो असतो, म्हणजे रोज ९०,०००. माझ्या दुकानाची तेव्हाची रोजची विक्री १२,००० होती! पाच मिनिटांचा हिशोब, पण केला नाही.

हेच जर मी ओळखीच्या दुकानदारासोबत अर्धा स्टॉल घेतला असता (१७,५००), दुकानातलेच रॅक नेले असते आणि फक्त एक फ्लेक्स वगैरे केला असता (५,०००), तर खर्च झाला असता ३५,५००. त्याच १,६०,०००च्या विक्रीत मला ४,५०० रुपये उरले असते. अर्ध्या स्टॉलमध्ये विक्री थोडी कमी झाली असती हे मान्य. पण ५०,०००चा खड्डा नक्कीच पडला नसता.

ताई, तुमचं उत्तर

२०३०साठी आज कर्ज काढू नका. पुढची वर्षं जवळच्या प्रदर्शनांत, जत्रेत, बचत गटांच्या मेळाव्यात स्टॉल लावा. घडीची टेबलं घ्या, म्हणजे प्रत्येक ठिकाणी तीच चालतील. अन्न परवाना, लेबल, टिकणारं पॅकिंग यावर खर्च करा, कारण तो रोजच्या धंद्यात वसूल होतो. तो तुमचा बार्सिलोनाचा वळणरस्ता समजा. दर वेळी किती विक्री झाली, किती उरलं ते लिहून ठेवा. २०३० जवळ आलं की जागेचा नकाशा बघून, वरचे चार प्रश्न विचारून ठरवा. नाही गेलात तरी तोपर्यंत केलेल्या तयारीतलं काहीच वाया जाणार नाही.

आणि पेढे हिशोब झाल्यावर आणा!

तुम्ही कधी स्टॉल लावला असेल तर विक्री नको, शेवटी हातात किती उरलं ते कमेंटमध्ये लिहा. तोट्याचे आकडेही लिहा, लाजू नका. माझा तर वर छापलाच आहे. भेटू पुढच्या व्हिडिओत.