खंड्याची फेरी आणि बहाव्याची तारीख

कुत्रा पाळणाऱ्या माणसाला रोज सकाळी घराबाहेर पडावेच लागते. पाऊस असो, थंडी असो, आदल्या रात्री प्रयोगशाळेत उशीर झालेला असो, सहा वाजले की खंड्या पट्टा तोंडात धरून दाराशी उभा. (पक्ष्याचे नाव कुत्र्याला कसे, असे इमारतीतली मुले विचारतात. त्याला उत्तर नाही.) पुण्यात एका टेकडीच्या पायथ्याशी आमची ही फेरी बारा वर्षे चालू आहे. वाट तीच, वेळ तीच, आणि खंड्या दर झाडाशी थांबतो म्हणून आम्हालाही थांबणे भाग. पहिल्याच वर्षी आम्ही खिशात एक छोटी वही ठेवू लागलो.

ऋतूंनुसार सजीवांच्या जीवनात घडणाऱ्या घटनांच्या अभ्यासाला फिनॉलॉजी म्हणतात. हा शब्द बेल्जियमचे वनस्पतिशास्त्रज्ञ शार्ल मोरेन यांनी १८४९ साली प्रचारात आणला. काम मात्र त्याहून जुने आहे. इंग्लंडमध्ये नॉरफोक परगण्यात रॉबर्ट मार्शम या जमीनदाराने १७३६ साली अशा नोंदी सुरू केल्या आणि त्याच्या वंशजांनी त्या १९५८ पर्यंत चालवल्या. जपानमधील क्योटो शहरात चेरीच्या बहराच्या तारखा तर नवव्या शतकापासून सापडतात. २०२१ साली तेथे २६ मार्चलाच पूर्ण बहर आला. बाराशे वर्षांच्या नोंदींत इतका लवकर तो कधीच आलेला नव्हता. पृथ्वी तापते आहे याचा हा पुरावा तापमापकाने नव्हे, फुलांनी दिलेला आहे.

थंड देशांत झाडे वसंतातल्या उबेची वाट पाहतात. आपल्याकडे ऊब बारा महिने आहे. मग आपल्या झाडांना वेळ कशी कळते? एक खूण दिवसाच्या लांबीची. लंडनमध्ये सर्वांत मोठा दिवस साडेसोळा तासांचा आणि सर्वांत लहान आठ तासांहून थोडा कमी असतो. पुण्यात हेच आकडे सुमारे सव्वातेरा आणि अकरा. फरक लहान, पण वर्षानुवर्षे न चुकणारा. दुसरी आणि आपल्याकडे फार महत्त्वाची गोष्ट म्हणजे पाणी. पानांतून सतत बाष्प बाहेर पडत असते. जमीन कोरडी पडली की पाने ठेवणे झाडाला परवडत नाही, म्हणून ती गळतात.

इथे हुशार विद्यार्थी अडवतो, आणि त्याने अडवावेच. पिंपळ पाने टाकतो आणि भर उन्हाळ्याच्या तोंडावर, पावसाला दोन-अडीच महिने असताना, नवी तांबूस पालवी धरतो, ते कसे? जुनी पाने गेल्यावर बाष्पाचा खर्च थांबतो, खोडातला पाण्याचा साठा पुन्हा भरतो आणि खोल गेलेली मुळे खालची ओल ओढतात. पाऊस येईपर्यंत पाने पूर्ण वाढलेली असतात, त्यामुळे पावसाळ्याचा एकही दिवस वाया जात नाही. तांबूस रंग अँथोसायनिन या द्रव्याचा. हिरवे हरितद्रव्य मागाहून भरते. कोवळ्या, किडींना आवडणाऱ्या पानात आधीच मौल्यवान माल भरून ठेवू नये, असा त्यामागचा हिशेब असावा असे काही शास्त्रज्ञ मानतात. मात्र आमच्या गल्लीतले दोन पिंपळ कधीच एकाच दिवशी पाने टाकत नाहीत. एक पुरता बोडका होतो तेव्हा दुसरा भरलेला असतो.

उंबर याहून पुढचा. त्याला ठरावीक हंगामच नाही म्हटले तरी चालेल. उंबराची फुले फळासारख्या दिसणाऱ्या पोकळीच्या आत असतात आणि त्यांचे परागीभवन एक चिमुकली गांधीलमाशीच करते. ही मादी बाहेर पडल्यावर एखाद-दोन दिवसच जगते. तेवढ्या वेळात तिला दुसऱ्या झाडावर योग्य वयाचे उंबर सापडले पाहिजे. परिसरातली सगळी झाडे एकदम फळली असती, तर नंतर गांधीलमाश्यांचा वंशच बुडाला असता! आमच्या फाटकाजवळचा उंबर भलत्याच वेळी लगडलेला दिसतो, त्यात त्याचा वेंधळेपणा नाही.

नोंद तारखेने करावी, तिथीने नाही, हे आम्ही ठेच लागून शिकलो. पाडव्याला कडुनिंबाचा मोहोर लागतोच. पण पाडवा मार्चच्या उत्तरार्धापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत कुठेही येतो, म्हणून 'यंदा मोहोर पाडव्याआधी आला' या वाक्याला फारसा अर्थ उरत नाही. शेतकऱ्याची पावसाची नक्षत्रे मात्र सूर्यावर बसवलेली आहेत. मृग दरवर्षी ७-८ जूनलाच लागतो. पहिल्या सरींनंतर दिसणारा तो लाल मखमली मृगाचा किडा आठ पायांचा असतो, तेव्हा तो कीटक नव्हे, कोळी-गोचिडांचा भाऊबंद. खंड्याने एकदा तो चाटून पाहिला आणि लगेच थुंकला.

आता आमच्या फजितीची गोष्ट. गेल्या वर्षी आम्ही बहाव्याच्या पहिल्या फुलाच्या तारखा आलेखावर मांडल्या. पहिली नऊ वर्षे तारखा साधारण एका पट्ट्यात होत्या. शेवटच्या तीन वर्षांत त्या आठवडाभर पुढे सरकलेल्या. जग तापते आहे आणि आमचा बहावा उशिरा फुलतो आहे! लांबलेला अवकाळी पाऊस, काँक्रीटचा नवा रस्ता, अशी कारणेही आम्ही शोधून ठेवली. एका शाळेत व्याख्यान ठरले होते, तिथे हे सांगणार होतो. आलेख पाहून आमची बारावीतली मुलगी एवढेच म्हणाली, "बाबा, तीन वर्षांपूर्वीच खंड्याचे मागचे पाय दुखायला लागले ना?"

ते खरे होते. पूर्वी फेरी दोन किलोमीटरची होती आणि वाटेवर सात बहावे होते. आता आम्ही कोपऱ्यापर्यंत जाऊन परततो. तिथे दोनच आहेत. झाडे बदलली नव्हती, बघणारे बदलले होते.

कमी झाडे पाहिली की 'पहिले फूल' उशिरा का दिसते, हे वर्गात फाशांनी दाखवता येते. सात फासे टाका आणि सर्वांत लहान आकडा लिहा. शंभर वेळा टाकल्यास सुमारे ७२ वेळा तो १ येईल. दोनच फासे टाकले तर १ सुमारे ३१ वेळाच येईल. फासे तेच, तरी सर्वांत लहान आकडा सरासरीने वाढला. दर फासा म्हणजे एक झाड आणि आकडा म्हणजे त्याच्या फुलण्याचा दिवस, असे समजा. रोज न जाता फक्त रविवारी फेरी मारली, तर आणखी सहा दिवसांपर्यंतची चूक वेगळीच.

म्हणून आता आम्ही प्रत्येक झाडाला क्रमांक दिला आहे. दर आठवड्याला त्याची कोवळी व पक्व पाने, कळ्या, फुले, फळे यांपुढे 'नाही', 'थोडी' किंवा 'पुष्कळ' एवढेच लिहायचे. 'नाही' लिहिणे सर्वांत कंटाळवाणे, पण त्यावाचून 'आहे'ला आधार नाही. भारतात २०१० च्या सुमारास सुरू झालेल्या सीझनवॉच या उपक्रमात असेच केले जाते, आणि केरळमधील शाळकरी मुलांचा त्यात मोठा वाटा आहे. शाळेच्या आवारातले एखादे झाड यासाठी पुरते.

जुन्या वहीत कोणते फूल कोणत्या बहाव्यावर दिसले हे काही वर्षी लिहिलेले आहे, काही वर्षी नाही. कोपऱ्यावरच्या दोन झाडांपुरत्या वेगळ्या काढता आल्या अशा पाचच तारखा उरल्या, आणि त्यांत कसलाही कल दिसत नाही. व्याख्यानात आम्ही फाशांचा प्रयोग केला.

लांबच्या पाच बहाव्यांकडे आता मुलगी सायकलवरून जाते. खंड्या फाटकापाशी, उंबराखाली बसून तिची वाट पाहतो.