बीड जिल्ह्यातील वैयक्तिक नादारी व कर्जमुक्ती

वैयक्तिक नादारी म्हणजे कर्ज फेडणे अशक्य झालेल्या व्यक्तीने न्यायालयाच्या देखरेखीखाली आपली मालमत्ता धनकोंसाठी सोडून देणे व त्या बदल्यात उरलेल्या कर्जातून कायदेशीर सुटका मिळवणे. बोलीभाषेत तिला दिवाळखोरी किंवा दिवाळे निघणे म्हणतात. महाराष्ट्राच्या मराठवाडा विभागातील बीड जिल्हा हा मुख्यतः कोरडवाहू शेतीचा, वारंवार दुष्काळ सोसणारा आणि ऊसतोड मजुरांच्या हंगामी स्थलांतरासाठी ओळखला जाणारा जिल्हा आहे. कर्जबाजारीपणा हा येथील शेतकरी आत्महत्यांच्या चर्चेतील एक प्रमुख विषय आहे. तरीही कर्जमुक्ती म्हटली की येथे नादारीच्या कायद्यापेक्षा शासकीय कर्जमाफी, सावकारी नियंत्रण आणि बँकेशी तडजोड हेच मार्ग पुढे येतात. याची कारणे कायद्याच्या रचनेत आणि येथील कर्जाच्या स्वरूपात आहेत.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे सावकारांविरुद्ध उठाव झाला. तो पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरला. कर्जरोखे व खतांची कागदपत्रे हस्तगत करून जाळणे हे या उठावाचे वैशिष्ट्य होते. त्यानंतर ब्रिटिश सरकारने १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य अधिनियम केला. पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी केलेल्या या कायद्याने पैशाच्या हुकूमनाम्यासाठी शेतकऱ्याला कैदेत टाकणे बंद केले आणि शेतकऱ्यांच्या नादारीसाठी स्वतंत्र तरतुदी केल्या.

बीड जिल्हा अहमदनगरला (सध्याचे अहिल्यानगर) लागून असला, तरी त्या काळी तो निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्यामुळे सीमेपलीकडील शेतकऱ्याला मिळालेले हे संरक्षण बीडच्या शेतकऱ्याला मिळाले नाही. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत मराठवाडा मुंबई राज्यात आला व १९६० मध्ये महाराष्ट्राचा भाग झाला.

कायद्याची सद्यस्थिती

भारतात व्यक्तींच्या नादारीसाठी दोन जुने कायदे आहेत. मुंबई, कोलकाता व चेन्नई या शहरांसाठी १९०९ चा इलाखा शहर नादारी अधिनियम, तर त्यांबाहेरील प्रदेशासाठी १९२० चा प्रांतिक नादारी अधिनियम आहे. दुसऱ्या कायद्यात नादारीचे अधिकार जिल्हा न्यायालयाकडे असतात.

२०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेने या दोन्ही कायद्यांची जागा घेणे अपेक्षित होते. मात्र संहितेतील व्यक्तीविषयक भाग १ डिसेंबर २०१९ पासून केवळ कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांपुरता लागू करण्यात आला. सामान्य शेतकरी, मजूर किंवा पगारदार यांना तो लागू झालेला नाही.

या संहितेत अत्यल्प उत्पन्नाच्या ऋणकोसाठी ‘नवी सुरुवात’ ही प्रक्रियाही आहे. वार्षिक उत्पन्न ६०,००० रुपयांपर्यंत, मालमत्ता २०,००० रुपयांपर्यंत व पात्र कर्ज ३५,००० रुपयांपर्यंत असलेल्या आणि स्वतःचे राहते घर नसलेल्या व्यक्तीचे कर्ज तिच्याद्वारे माफ होऊ शकते. ही तरतूद अंमलात आली, तरी गावात स्वतःचे दोन खणांचे घर असणारा अल्पभूधारक तिच्या कक्षेबाहेरच राहील.

प्रक्रिया व परिणाम

१९२० च्या अधिनियमानुसार ऋणकोला स्वतः अर्ज करता येतो. त्यासाठी कर्ज किमान ५०० रुपयांचे असावे, किंवा हुकूमनाम्यापोटी त्याला अटक झालेली असावी, किंवा त्याच्या मालमत्तेवर जप्तीचा आदेश असावा. अर्जात सर्व धनको, त्यांच्या रकमा व स्वतःची संपूर्ण मालमत्ता नमूद करावी लागते. न्यायालयाने नादार घोषित केल्यावर पुढील परिणाम होतात :

१. मालमत्ता न्यायालयाकडे किंवा त्याने नेमलेल्या रिसीव्हरकडे जाते व तिच्या विक्रीतून धनकोंना प्रमाणशीर वाटा मिळतो.
२. धनकोंना न्यायालयाच्या परवानगीशिवाय नादार व्यक्तीवर स्वतंत्र दावा लावता येत नाही. तारणधारक धनकोचा तारणावरील हक्क मात्र कायम राहतो.
३. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० नुसार जप्तीतून वगळलेल्या वस्तू ऋणकोकडे राहतात. शेतकऱ्याचे राहते घर, आवश्यक अवजारे, बैल व बियाणे, तसेच अंगावरचे कपडे व स्वयंपाकाची भांडी यांत मोडतात.
४. अर्जापूर्वी नातेवाइकांच्या नावे केलेली हस्तांतरणे तपासली जातात. धनकोंना टाळण्यासाठी मालमत्ता लपवणे हा गुन्हा आहे.
५. ठरावीक मुदतीत अर्ज केल्यास न्यायालय विमुक्तीचा आदेश देऊ शकते. त्यानंतर उरलेले कर्ज संपते. पण शासकीय देणी, फसवणुकीतून उद्भवलेले कर्ज व पोटगी यांतून सुटका होत नाही.

विमुक्ती न मिळालेला नादार भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १०२ व १९१ नुसार संसद किंवा विधिमंडळाचा सदस्य होऊ शकत नाही.

केवळ गरिबीमुळे कर्ज न फेडणाऱ्याला तुरुंगात टाकता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जॉली जॉर्ज वर्गीस विरुद्ध बँक ऑफ कोचीन (१९८०) या खटल्यात स्पष्ट केले. ऐपत असूनही अप्रामाणिकपणे फेड टाळणाऱ्यालाच दिवाणी कैद होऊ शकते.

बीडमधील कर्जाचे स्वरूप

पीककर्ज : हे बँका व विविध कार्यकारी सेवा सहकारी संस्थांकडून मिळते. कलम ६० मध्ये घराला व अवजारांना संरक्षण असले, तरी शेतजमिनीला तसे सरसकट संरक्षण नाही. त्यामुळे नादारी पत्करणाऱ्या शेतकऱ्याचे कर्ज सुटले, तरी सातबारावरील नाव जाण्याचा धोका राहतो. उपजीविकेचे साधनच जात असल्याने हा मार्ग त्याला परवडत नाही.

सावकारी कर्ज : अनेकदा कर्जाच्या बदल्यात जमिनीचे खरेदीखत करून घेतले जाते. कागदावर तो व्यवहार कर्जाचा नसून विक्रीचा असतो. अशा वेळी कर्ज माफ होणे पुरत नाही; जमीन परत मिळणे हा खरा प्रश्न असतो.

उचल : ऊसतोड मजुरांच्या नवरा-बायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात. हंगामापूर्वी मुकादमाकडून घेतलेली आगाऊ रक्कम म्हणजे उचल. ती मजुरीतून फिटली नाही, तर बाकी पुढील हंगामावर चढते. हा व्यवहार बहुधा तोंडी असतो आणि फेड श्रमाने होते. त्यामुळे धनको व रकमा यांची यादी मागणाऱ्या नादारी प्रक्रियेत तो सहजी बसत नाही.

उपलब्ध अन्य मार्ग

महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ नुसार विनापरवाना सावकारी हा गुन्हा असून त्यासाठी पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. मुद्दलापेक्षा अधिक व्याज वसूल करता येत नाही. सावकारीच्या ओघात बळकावलेली स्थावर मालमत्ता परत मिळवण्यासाठी कलम १८ नुसार सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो. मागील १५ वर्षांतील व्यवहारांची चौकशी करून ते खरेदीखत अवैध ठरवू शकतात व ताबा परत देण्याचा आदेश देऊ शकतात.

शासकीय कर्जमाफीत २००८ ची केंद्रीय योजना, २०१७ ची छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना व २०१९ ची महात्मा जोतीराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना यांचा समावेश होतो. २०१९ च्या योजनेत दोन लाख रुपयांपर्यंतचे थकीत पीककर्ज माफ करण्यात आले.

उचलीपोटी मजुराला सक्तीने राबवले जात असल्यास वेठबिगार पद्धती (निर्मूलन) अधिनियम, १९७६ लागू होऊ शकतो. वेठबिगारीचे कर्ज या कायद्याने रद्द होते. त्याच्या अंमलबजावणीची जबाबदारी जिल्हादंडाधिकाऱ्यांवर आहे.

बँकेच्या कर्जासाठी एकरकमी तडजोड व लोकअदालत हे पर्याय आहेत. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ नुसार महिला, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती व दुष्काळासारख्या आपत्तीने पीडित व्यक्ती जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळण्यास पात्र असतात.

नादारी व कर्जमाफी यांतील फरक

कर्जमाफी हा शासनाचा निर्णय असतो. ती ठरावीक तारखांमधील, ठरावीक संस्थांच्या कर्जापुरती असते व तिची रक्कम सरकारी तिजोरीतून बँकेला मिळते. सावकाराचे किंवा मुकादमाचे देणे तिच्यातून सुटत नाही. याला एक अपवाद २०१५ चा आहे : त्या वर्षी राज्य शासनाने विदर्भ व मराठवाड्यातील शेतकऱ्यांचे परवानाधारक सावकारांकडील कर्ज फेडण्याची योजना आणली होती. विनापरवाना सावकारांचे कर्ज मात्र तिच्या कक्षेत नव्हते. याउलट नादारी हा व्यक्तीचा कायदेशीर हक्क आहे. तो कोणत्याही वर्षी वापरता येतो आणि त्यात सर्व धनको एकत्र येतात. पण त्याची किंमत मालमत्तेच्या रूपात मोजावी लागते. ज्याच्याकडे जमीन आहे त्याला ही किंमत फार मोठी वाटते आणि ज्याच्याकडे काहीच नाही त्याच्या कर्जाला बहुधा कागदच नसतो. बीडसारख्या जिल्ह्यात हा कायदा क्वचितच कर्जमुक्तीचे साधन ठरतो, त्याचे हे मुख्य कारण आहे.

हे सुद्धा पहा

दख्खनचे दंगे
ऊसतोड कामगार
दामदुप्पट
नादारी व दिवाळखोरी संहिता, २०१६