नाव ‘परम’, अंतरंग निराळे

‘परम’ या नावाने ओळखले जाणारे पुण्याचे महासंगणक एकाच घराण्यातले मानले जात असले, तरी १९९१ चा परम ८००० आणि २००८ चा परम युवा यांची अंतर्रचना शेजारी ठेवून पाहिली, तर प्रोसेसर, स्मृती आणि जोडणी यांपैकी काहीही सामाईक आढळत नाही. गणेशखिंडीतील पुणे विद्यापीठाच्या आवारात ‘प्रगत संगणन विकास केंद्र’ म्हणजेच सी-डॅक या संस्थेने हे महासंगणक उभारण्याचे काम हाती घेतले. संस्थेची स्थापना १९८८ मध्ये झाली आणि डॉ. विजय भटकर तिचे पहिले कार्यकारी संचालक होते. अमेरिकेने क्रे कंपनीचा महासंगणक भारताला देण्यास आडकाठी केल्यानंतर तीन वर्षे आणि तीस कोटी रुपये एवढ्या मर्यादेत एक गिगाफ्लॉपचा, म्हणजे सेकंदाला दशांश अपूर्णांकांची एक अब्ज गणिते करणारा, संगणक उभा करायचा होता. प्रोसेसरची चिप देशात बनत नव्हती, त्यामुळे ती बाजारातून घेणे भागच होते; सी-डॅकचे खरे कर्तृत्व अशा अनेक चिपांना एकत्र कामाला लावण्यात आहे, आणि परमची निरनिराळी मॉडेले पारखायची ती याच अंगाने.

परम ८००० मध्ये ब्रिटनच्या इन्मॉस कंपनीचे टी-८०० मालिकेतील ‘ट्रान्सप्युटर’ वापरले होते. ट्रान्सप्युटर म्हणजे असा प्रोसेसर, ज्याच्या एकाच चिपवर गणिती विभाग, चार किलोबाइटची छोटीशी स्मृती आणि शेजारच्या चिपांशी बोलण्यासाठी चार ‘लिंक’ असतात. प्रत्येक लिंकमधून सेकंदाला दोन कोटी बिटांपर्यंत माहिती जाऊ शकते. प्रत्येक प्रोसेसरची स्मृती स्वतंत्र होती आणि दुसऱ्याजवळची माहिती हवी असेल तर ती संदेश पाठवूनच मागवावी लागे. असे २५६ प्रोसेसर जोडले की कमाल वेग एक गिगाफ्लॉपपर्यंत पोहोचत असे. कोणता प्रोसेसर कोणाला जोडायचा हे कामानुसार बदलता येत होते, आणि ही सोय फार मोलाची होती, कारण शेजारी नसलेल्या प्रोसेसरकडे जाणारा संदेश मधल्या प्रोसेसरांना हातोहात पुढे द्यावा लागे व तेवढा त्यांचा गणिताचा वेळ खर्ची पडे.

एकट्या ट्रान्सप्युटरचे गणिती बळ तोकडे होते. म्हणून परम ८६०० मध्ये इंटेलचा आय-८६० हा प्रोसेसर त्याच्या जोडीला आला. संख्यांच्या लांबलचक रांगांवर तीच क्रिया वेगाने करणे, ज्याला सदिश गणन म्हणतात, ही या चिपेची खासियत होती. गणित आय-८६० ने करायचे आणि संदेशांची ने-आण ट्रान्सप्युटरांनी सांभाळायची, अशी कामाची वाटणी झाली. मात्र गणिताचा वेग कित्येक पटींनी वाढला तरी लिंकांचा वेग पूर्वीचाच राहिला, त्यामुळे ज्या प्रश्नात प्रोसेसरांना वारंवार एकमेकांशी बोलावे लागते, तिथे नव्या चिपेचे बळ वाट पाहण्यातच जाण्याचा धोका होता. आय-८६० साठी कार्यक्षम प्रोग्रॅम लिहिणे मुळातच अवघड होते, ही अडचण वेगळीच.

त्यातच इन्मॉसचा पुढचा ट्रान्सप्युटर, टी-९०००, लांबणीवर पडत गेला. एकाच कंपनीच्या चिपेवर साऱ्या रचनेचा भार ठेवण्यातला धोका इथे उघड झाला, आणि १९९४ च्या परम ९००० ने या घराण्यातले सर्वांत शहाणपणाचे वळण घेतले. त्याची जोडणी ‘क्लॉस’ पद्धतीची होती. टेलिफोन एक्स्चेंजसाठी बेल प्रयोगशाळेतील चार्ल्स क्लॉस यांनी १९५३ मध्ये मांडलेल्या या रचनेत स्विचांचे अनेक थर असतात आणि एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जायला एकाहून अधिक मार्ग मोकळे राहतात. संदेशवहन असे प्रोसेसरपासून वेगळे काढून स्विचांकडे सोपवल्यामुळे प्रोसेसर बदलण्याची मुभा मिळाली: सुपरस्पार्क, अल्ट्रास्पार्क आणि डेक कंपनीचा अल्फा अशा तीन प्रोसेसरांवर परम ९००० ची रूपे निघाली.

१९९८ च्या परम १०००० मध्ये सुटी चिप जाऊन सन कंपनीचा अख्खा सर्व्हरच घटक म्हणून आला; १६० प्रोसेसरांच्या मांडणीत त्याचा वेग सुमारे १०० गिगाफ्लॉप होता. सर्व्हर परदेशी असले तरी त्यांना जोडणारे ‘परमनेट’ हे जाळे सी-डॅकने स्वतः विकसित केले होते. पुढे परम पद्ममध्ये आयबीएमचे २४८ पॉवर-४ प्रोसेसर होते आणि वेग एक टेराफ्लॉप, म्हणजे हजार गिगाफ्लॉप झाला. परम युवामध्ये इंटेल झिऑनचे ४,६०८ गाभे, म्हणजे एकाच चिपवरील स्वतंत्र गणनविभाग, होते आणि कमाल वेग ५४ टेराफ्लॉप. परमनेटची तिसरी पिढीही त्यातच आली.

२०१३ च्या परम युवा-२ मध्ये मात्र इन्फिनीबँड हे बाजारात मिळणारे जाळे दिसते, आणि प्रोसेसरांची मांडणी परम ८६०० ची आठवण करून देते: नेहमीच्या झिऑनच्या जोडीला झिऑन फाय हा निव्वळ आकडेमोडीसाठीचा सहप्रोसेसर बसवून ५२४ टेराफ्लॉपचा कमाल वेग गाठलेला आहे. कोणते गणित कोणाकडे सोपवायचे हे ठरवण्याचा भार इथेही प्रोग्रॅम लिहिणाऱ्यावरच पडला. आणि आय-८६० प्रमाणेच झिऑन फायचे उत्पादनही इंटेलने पुढे बंद केले.